शकुनच्या हातची माती

कोलकात्यात पाण्याला काय तोटा! तरी गार्डन रीचमधल्या एका सरकारी कॉलनीत, शकुन खटावकरच्या क्वार्टरमागे जमिनीचा एक तुकडा भर पावसाळ्यातही तहानलेला असायचा. जुन्या बांधकामाचा राडारोडा, कोळशाची राख आणि वर उन्हानं भाजलेला कडक थर. पाणी आत मुरायचंच नाही, ते थेट शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या सेक्रेटरीबाबूंच्या दारात जायचं. शेवटी कॉलनीच्या समितीनं ठरवलं, सिमेंट ओतून मोकळं व्हायचं.

शकुन दुष्काळी आटपाडीची. असली जमीन तिनं माहेरी कळत्या वयापासून पाहिलेली. तिनं समितीला सांगितलं की कालीपूजेपर्यंत, म्हणजे आपल्या दिवाळीपर्यंत थांबा, ही जमीन पाणी प्यायला लागली नाही तर खुशाल सिमेंट ओता. नवरा मनोहर म्हणाला, आपली बदलीची नोकरी, कशाला नसती उठाठेव? पण शकुननं एकदा मनावर घेतलं की संपलं.

मग कोपऱ्यावरच्या डाबवाल्याकडून शहाळ्यांची टरफलं आली, तळ्यातली जलपर्णी आली, झाडांखालचा पाला आला, दुर्गापूजेच्या मंडपांतले केळीचे खुंट चिरून आले, आणि सगळं त्या जमिनीवर अंथरलं गेलं. या सगळ्यावर ती शेण, गूळ, बेसन आणि वडाखालची मूठभर माती कालवून मुरवलेलं पाणी शिंपायची. शेजारणी नाक दाबून जात. आजाऱ्याला पेज देतात तशी ही मातीची पेज, पुढचं गांडुळं बघतील, असं शकुन सांगायची आणि कामाला लागायची.

भाऊबीजेसाठी पुण्याहून वन्सं आल्या. शैलाताई, मनोहरची थोरली बहीण. माया मोठी, पण हाताला स्वस्थता नाही. नरकचतुर्दशीला अंघोळ उरकून त्यांनी मागचं दार उघडलं. ऐन दिवाळीत भावाच्या अंगणात उकिरडा! त्यांनी पदर खोचला, खराटा घेतला आणि सगळं ओढून सफाईवाल्याच्या ढकलगाडीत भरून दिलं.

शकुन चकल्या तळून मागे आली, तेव्हा वन्सं सडा घालून रांगोळीला बसल्या होत्या. आज सकाळीच समिती येणार होती. पण सणाला आलेल्या नणंदेला बोलायचं तरी काय?

"काय गं ही जमीन," वन्संच वैतागल्या. "सडा घातला की गिळते. चोपावी तर पुन्हा फुगते. रांगोळीतून गांडुळं वर येतायत."

शकुन पाहतच राहिली. आजवर ती आच्छादनाचा एखादा कोपरा उचलून बघायची. पाला घातल्यापासून सगळी जमीन तिनं आज पहिल्यांदाच पाहिली. काळीभोर, भुसभुशीत.

तेवढ्यात सेक्रेटरीबाबू दोन सभासद आणि मिस्त्री घेऊन आले. उघडं अंगण पाहून शकुनला म्हणाले, "बौदी, यहाँ तो कुछ भी नहीं है।"

शकुननं मोरीतून भरलेली बादली आणली आणि त्यांच्या पुढ्यात ओतली. चौघेही सवयीनं बूट वाचवायला मागे सरले. पाणी कुणाच्या बुटापर्यंत आलंच नाही. तिनं दुसरी ओतली, तीही जिरली. सेक्रेटरीबाबू वाकले, चिमूटभर माती चुरून त्यांनी हुंगली आणि मिस्त्रीला सांगितलं की सिमेंट नको.

शकुनचा ऊर अभिमानानं भरून आला, आणि तो लपवावा असं तिला मुळीच वाटलं नाही. मंडळी गेल्यावर तिनं वन्संना सगळं सांगितलं.

वन्संनी खराट्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "म्हणजे मी केर नाही काढला. मातीचं पांघरूण ओढून काढलं."

आणि नव्या साडीनिशी त्या गेटकडे निघाल्या. थोड्या वेळानं ढकलगाडी परत आली. पुढे सफाईवाला, मागे वन्सं, त्याला आपल्या पुणेरी हिंदीत दटावत, "ये कचरा नहीं है, भैया. ये हमारी शकुन का काम है."