कुठली गाडी घ्यावी?

आमची जुनी पेट्रोल गाडी विकायला काढली तेव्हा नवी कुठली घ्यायची यावर घरीदारी तीन मतं होती, आणि त्यातलं एकही माझं नव्हतं.

मी शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका स्टील प्लांटच्या लॅबमध्ये आहे. शंकर नगरहून रोजचं जाणं-येणं. नवरा म्हणे, "सीएनजी घे, परवडते." लेक इथल्या हिंदी मुलखात वाढलेली, तिला मराठी समजतं, पण उत्तर हिंदीतच, "मम्मी, इलेक्ट्रिक ही लो, धुआँ तो नहीं होगा." लॅबमधले सहकारी म्हणाले, "पेट्रोलमध्येच आता इथेनॉल येऊन राहिलं मॅडम, काहून डोकं खराब करता? पेट्रोलच घ्या." जो बोलेल तोच मला बरोबर वाटायचा.

शेवटी बाबांना विचारलं. ते आमच्याकडेच राहतात. रेल्वेत इंजिन चालवायचे, आधी डिझेलचं, मग विजेचं. आता गुडघे गेलेत, बाहेर पडायचं तर व्हीलचेअर लागते.

"दोन्ही चालवलीत ना तुम्ही? मग सांगा."

"माह्या डोक्यावर तार होती बाई. तुह्या गाडीच्या डोक्यावर कुठं हाय?"

गोंधळ होता तिथेच राहिला.

रविवारी सगळे सीएनजी गाडी पाहायला गेलो. डिकी उघडली तर जागा सिलिंडरनं अडवलेली. व्हीलचेअर उभी, आडवी, तिरपी, सगळी करून पाहिली. मावेना. शेवटी नवऱ्यानंच डिकी बंद केली.

मग इलेक्ट्रिक. डिकीत व्हीलचेअर बसली. बाबा माझ्या शेजारी. बटण दाबलं, आवाजच नाही. चालू झाली नसेल म्हणून पुन्हा दाबलं, तर बंद झाली. शेवटी निघालो. पंडरीच्या कापड बाजारात गठ्ठा घेतलेली एक बाई पुढे पाठमोरी चालली होती. मागे गाडी आहे हे तिला कळलंच नाही. मी करकचून ब्रेक मारला.

बाबा शांतपणे म्हणाले, "हॉर्न मार. डिझेलचं इंजिन लोक दुरून आयकत. विजेचं मागून कवा आलं, पटरीवरच्या माणसाले समजेच ना. मी आपला शिटी वाजवतच जावो."

"मग नको घेऊ?"

"नको कुठं म्हणलं? शिटी वाजवत जाय."

तीच गाडी बुक केली. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना कोळशाचे ट्रक दिसले आणि वाटलं, आपली वीजही याच कोळशाची ना? घरी येऊन लेकीला तसं म्हणाले.

"मम्मी, बुक कर दिया ना अब?"

"हव."

गाडी येऊन काही महिने झाले. चालते छान. लांब जायचं म्हटलं की वाटेत चार्जिंग कुठे मिळेल ते अजून आधी शोधून ठेवते. परवा पार्किंगमध्ये शेजारच्या ताईंनी विचारलं, "कोणती घेऊ वो?" इलेक्ट्रिक घ्या म्हणणार होते, तेवढ्यात बाबांची व्हीलचेअर आठवली. मग त्यांनाच विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण हाय?"