धुऱ्यावरची जागा

आपल्या सावली गावच्या बसस्टँडवर शेजारच्या देवरावभाऊच्या हातात घराची चाबी दिली, तेव्हा तो म्हणाला, "धानाच्या रोवणीले येशील ना?" मी हो म्हटलं. बायको जाऊन दोन महिने झाले होते. पोरगी प्रणाली एकटं राहू देईना, म्हणून पुण्याले निघालो. गेल्या साली रोवणीले आलो नाई. आता दुसरी आली. म्हणून देवरावभाऊ, हे पत्र तुलेच लिहून राह्यलो.

इथी आठव्या मजल्यावर जीव लागत नाई. दारापासून खिडकीपर्यंत बावीस पावलं, दिवसभर तेच. प्रणाली कॉम्प्युटरवर माणसं बनवते. आधी अंग, मग कातडी, केस, मग त्याले चालवते. सिनेमावाल्यांले लागतात म्हणे. तिनं मलेही माऊस धरायले शिकवलं. गुडघ्याचा ठिपका सरकवला की पाय वाकते. सातवी नापास माणूस मी, पण बैल कोणत्या पायानं लंगडते ते दुरून सांगत होतो. सांध्याचं मले समजते.

मागच्या महिन्यात तिनं फोटोवरून आपल्या मायलेच बनवलं. चेहरा तोच, नाकातला खडाही तोच. मी हात लावायले गेलो, बोट काचेवर आपटलं. मग पडद्यावरच तिले बांधीत, धानाच्या चिखलात उतरवलं. ती वाकली आन् धानाच्या कोवळ्या रोपांचे परे लावत समोर समोर चालली.

मी भडकलो. "हे तुही माय नोहे! समोर चालली तर लावलेले परे पायाखाली जातीन ना!"

"मंग कसं चालतात, बाबा?"

तिले ठाऊक कुठून असंन? तिची मायच तिले म्हणे, "तू चिखलात पाय नोको टाकू, तू शिक." आन् आम्ही तिले गडचिरोलीच्या होस्टेलात टाकलं. पोरगी शिकली. हे राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या ऑफिसात मले काळे तंग कपडे चढवले, जागोजागी ठिपके चिकटवले. मी हाललो की ते ठिपके पाहून पडद्यावरचं माणूसही तसंच हालते म्हणे. पोरं हसली, "आजोबा हीरो!"

"हसा लेकहो. पडलो तर तुमीच उचलसान."

वाकलो आन् मागं मागं सरकलो. डावा पाय आधी, कारण बायकोचा उजवा गुडघा दुखे. चार पावलांनी थांबायचं, कमरेवर मूठ ठेवायची, मान वळवून बांधीच्या कडेच्या धुऱ्याकडे पाहायचं. तिची चाल मी विसरलो असंन याचीच धास्ती होती. अंग विसरलं नव्हतं.

संध्याकाळी पडद्यावर ती तशीच सरकली. थांबली. मान वळवली. गावी त्या धुऱ्यावर उभा राहून मी पऱ्याच्या पेंड्या फेकत होतो. "फेका ना, झोपले काय?" असं ती ओरडे. पडद्यावरचा धुरा मोकळा होता. तिनं पाह्यलं आन् रिकाम्या हातानं पुन्हा वाकली.

प्रणाली डोळे पुसत म्हणाली, "तुमालेही बनवू का तिथी?"

"नोको. मी आहो ना अजून."

देवरावभाऊ, चिखलणी झाली की फोन कर. प्रणालीले घेऊन येतो, तिले मागं सरकायले शिकवायचं आहे. घर म्हटलं की मले आता भिंती आठवत नाई. ती मान वळवून जिथी पाहे, तेवढी धुऱ्यावरची जागा आठवते. यंदा पेंड्या मीच फेकीन.