आत्याच्या घरी दिलेली

आमच्या घरात मारहाण सकाळी व्हायची. लोकांना वाटतं, नवरा रात्री पिऊन येतो आणि मारतो. माझा नवरा पीत नव्हता. तो शेंद्र्याला एका कंपनीत कायम दुसऱ्या पाळीला होता. त्यामुळं पोरगी शाळेत गेली की घरात आम्ही दोघंच, आणि त्याच्यापाशी वेळच वेळ. मग दुपारी आंघोळ करून, डबा घेऊन, गल्लीत भेटेल त्याला रामराम घालत तो कंपनीच्या बसला जायचा. मुकुंदवाडीत आमच्या दोन खोल्यांच्या आसपास आजही विचारलं तर लोक त्याला चांगला माणूसच म्हणतील.

म्हणणार नाही ती फक्त भिंतीपलीकडची खाला. ती ब्लाउज शिवायची. तिचं मशीन दिवसभर चालू असायचं आणि आमच्याकडं सुरू झालं की थांबायचं. मला माराइतकीच त्या थांबण्याची लाज वाटायची. तिचा रागही यायचा, खोटं कशाला बोलू. सगळं ऐकते आणि मध्ये पडत नाही, ही कसली शेजारीण, असं मनात यायचं. एका सकाळी त्यानं माझं उजवं मनगट पिळलं, आत काहीतरी कट्कन वाजलं, आणि तो वेळेवर कामावर गेला. तो कोपऱ्यावरून वळला तशी खाला बुरखा घालूनच दारात आली.

"दवाखाने चल," ती म्हणाली. "और इस बार गिरी बोल के नक्को बोल. कागज पे जो लिखाएगी, आगे वोइच चलता."

कारण याआधी मी दोनदा ‘पडले’ होते. एकदा न्हाणीत आणि एकदा जिन्यावरून. आमच्या घराला जिना नव्हता. पण खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जास्त विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा, आणि त्यात तोंड दाबणारा हात माझाच होता. खालाच्या थोरल्या मुलीनं हे सगळं आधी भोगलेलं होतं. तिच्या कागदावरही ‘पडली’ असंच लिहिलेलं निघालं आणि कोर्टात तिच्याच अंगावर आलं. म्हणून खालाला एवढं माहीत होतं. रिक्षात तिनं मला हेही सांगितलं की तिला रोज ऐकू येत होतं, पण तिच्या पोरीच्या वेळी शेजारच्या बायांनी मध्ये पडून तमाशाच केला होता, म्हणून ती थांबली. तिच्यावरचा राग तिथंच गेला असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तो जायला वर्ष लागलं.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाई होती. कसं झालं, तिनं विचारलं. "नवऱ्यानं पिळला," मी म्हणाले. इतकी वर्षं न बोललेले ते दोन शब्द असे बाहेर पडले, की नंतर वाटलं, एवढंच होतं का? तिनं ते जसंच्या तसं लिहिलं. दवाखान्यातल्या पोलीस चौकीतल्या शिपायानंही लिहिलं, जांभई देत का होईना. प्लास्टर झालं. मग डॉक्टर बाईनं मागच्या बाजूच्या एका बसक्या इमारतीकडं बोट दाखवलं. तिथं बायांसाठी सरकारी केंद्र होतं. आत समुपदेशक, वकील, पोलिसांशी बोलणारं माणूस, आणि काही दिवस राहायला खाटा. त्या फाटकावरून पोरीला डोस द्यायला मी कितीदा तरी गेले होते. पाटी वाचलीसुद्धा होती. पण ती दुसऱ्या कुणा बायांसाठी असेल असं मला वाटलं होतं. त्या दुसऱ्या बाया कशा असतात हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

खाला जाऊन पोरीला शाळेतून घेऊन आली. पोरगी तेव्हा सात वर्षांची होती. तिनं प्लास्टरला हात लावून बघितलं आणि "आता इथंच राहायचं?" एवढंच विचारलं. तिच्या आवाजात इतकी आशा होती की मला स्वतःचा संताप आला.

केंद्रातली समुपदेशक पन्नाशीची, चष्मा केसांत खोचणारी, घाई न करणारी बाई होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. परत जायचं की नाही हे मी ठरवायचं, ती ठरवणार नाही, असं तिनं दोनदा सांगितलं. मग विचारलं, "माहेरी विश्वासाचं माणूस कोण आहे?"

"वडील," मी म्हणाले.

"तुमच्या बाजूनं उभे राहतील?"

"राहतील की. बाप आहे माझा."

तिनं लिहून घेतलं आणि माझ्याच फोनवरून बापाला कळवलं. मी एक गोष्ट तिला सांगितली नाही. माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. बापाची पाठची बहीण. ज्यानं माझं मनगट मोडलं तो लहानपणी सुट्टीत आमच्या खुलताबादकडच्या गावी यायचा आणि माझ्या बापाला मामा म्हणायचा. मी हे लपवलं नाही. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. आमच्याकडं मामाच्या पोरीवर आत्याच्या पोराचा पहिला हक्क धरतात. लग्न जमलं तेव्हा आई म्हणाली होती, आत्याच्या घरी चाललीस, म्हणजे तू घर सोडलंसच नाही. मी घर सोडलं नव्हतं, अगदी खरं. आणि घर न सोडलेल्या बाईला परत यायलाही जागा नसते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

बाप दुसऱ्याच दिवशी आला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात पिशवी, पिशवीत आईनं दिलेल्या भाकरी आणि नातीसाठी राजगिऱ्याचे लाडू. प्लास्टर बघून तो रडला. माझ्या बापाला मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. "त्या भाड्याला सोडत नाय म्या," तो म्हणाला. त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला वाटलं, सुटले. खरंच वाटलं. त्या दुपारी मी किती वर्षांनी गाढ झोपले.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर आत्या उभी होती, आणि तिच्या मागं, कामावर सुट्टी टाकून, तो.

चौकीदार बाई फाटक उघडेना. आत्या गजाला धरून बोलत होती, ओरडत नव्हती. ती ओरडणारी बाई नाही. "माझ्या भावाची लेक हाय ती," ती म्हणत होती. "मी काय परकी हाय व्हय? सख्ख्या भाचीला भेटायला बी आता परवानगी लागती का?" मग मला खिडकीत बघून म्हणाली, "चल गं माय. झालं गेलं गंगेला मिळालं. म्या हाय ना. आता त्यानं हात लावला तर म्या बघते."

ती आमच्याकडं राहायला आलेली असतानाही त्यानं मारलेलं होतं. तेव्हा ती आतल्या खोलीत देवापुढं जाऊन बसायची. तरी मी सांगते, माझा पाय उचलला होता. सुनेला सासूचा आवाज ओलांडता येतो, पण भाचीला आत्याचा आवाज ओलांडता येत नाही. पोरगी माझ्या पदराआड उभी होती आणि तिची लघवी झाली. खाली ओल दिसली तेव्हा माझा पाय जागेवर आला.

समुपदेशक बाहेर गेली, शांतपणे त्या दोघांना परत पाठवलं, आणि आत येऊन माझ्यासमोर बसली. "ही तुमची आत्या?"

"हो."

"म्हणजे वडील तिचे भाऊ."

"हो."

तिनं चष्मा काढून हातात धरला. "हे आधी सांगायचं ना बाई," ती म्हणाली. रागावली नाही, पण थकल्यासारखी दिसली. बापाला फोन लावला. मी स्पीकरवर ऐकत होते.

"तिनं इचारलं, म्या सांगितलं," बाप म्हणाला. "बहिणीसंगं खोटं बोलू का? दर साली राखी बांधती ती मला. अन् तिला काय वाईट थोडंच वाटतं पोरीचं? आपलेच दात अन् आपलेच ओठ. बसून मिटवू."

मला तोंडात येतील तेवढ्या शिव्या द्याव्याशा वाटल्या. दिल्या नाहीत. वाईट याचं वाटत होतं, की बाप ढोंग करत नव्हता. काल रडला तेही खरं होतं आणि इथून थेट बहिणीच्या घरी गेला तेही खरं होतं. त्याला दोन्हीत भांडण दिसतच नव्हतं. कुंपणानं शेत खाल्लं म्हणावं, तर कुंपणाला आपण कुंपण आहोत हेच ठाऊक नव्हतं.

त्याच दिवशी आम्हाला शहराच्या दुसऱ्या टोकाला, पत्ता कुणालाही न सांगणाऱ्या आधारगृहात हलवलं. माझा फोन बंद करून ठेवायला सांगितला. तिथं आम्ही पाच महिने राहिलो. जागा वाईट नव्हती, चांगलीही नव्हती. तांदळात खडे असायचे, संडासाची कडी लागायची नाही, आणि अजिंठ्याकडची एक बाई दिवसभर स्वतःशीच बोलत बसायची. पण सकाळ झाली की कुणाच्या पावलांचा कानोसा घ्यावा लागत नव्हता. पोरीचं अंथरूण दोन महिन्यांनी कोरडं राहायला लागलं.

तिथल्या वकील बाईनं मला संरक्षण अधिकाऱ्याकडं नेलं. असा अधिकारी सरकारनं नेमलेला असतो आणि घरातल्या हिंसेची तक्रार तोच लिहून कोर्टात देतो, हे मला तिथं कळलं. त्यानं एक लांबलचक अहवाल भरला. सासूशी आणखी काही नातं आहे का, असं त्यात कुठंच विचारलेलं नव्हतं, पण पहिल्याच पानाला मी न विचारता सांगितलं. दवाखान्याचा कागद जोडला. खालानं येऊन साक्ष दिली, भिंतीपलीकडून काय काय ऐकलं ते सगळं, तारीखवार नाही पण सणवार. सासरच्या वकिलानं, तुम्ही कधी डोळ्यांनी पाहिलं का, असं विचारलं. ती म्हणाली, "साहब, मशीन बंद करके सुनी मैं." कोर्टात कुणी हसलं नाही.

आदेश मिळाला. नवऱ्यानं आणि त्याच्या घरच्यांनी माझ्या घरी, कामावर, पोरीच्या शाळेत यायचं नाही, फोन करायचा नाही. तोवर मी चिकलठाण्याला एक खोली घेतली होती, पॅकिंगच्या कामाला लागले होते. तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गादीखाली ठेवला. बाकीच्या बाया कपाटात सोनं ठेवतात तसा.

मग धाकट्या भावाचं लग्न ठरलं. ते मला बाहेरून कळलं. आठवडा राहिला तेव्हा बापाचा फोन आला. तब्येत विचारली, पाऊसपाणी सांगितलं, आणि मुद्द्यावर येईना. मीच म्हणाले, बोला.

"तो कोर्टाचा कागद हाय ना तुझा," तो म्हणाला. "म्हंजी तू जिथं असशील तिथं ते येऊ शकत नायत, व्हय ना?"

"व्हय."

"मग तू येऊ नको. आत्याबिगर हळद कशी लागंल पोराला? पाव्हणे काय म्हनतील?"

तो कागद मिळवायला मला दीड वर्ष लागलं होतं. त्यांना लांब ठेवायला मिळवलेला कागद बापानं माझ्यावरच लावला, आणि तोही अगदी काकुळतीला येऊन. मला राग येईल असं वाटलं होतं. आलं ते नुसतं रडू. मी फोन तोंडापासून लांब धरला. त्याला वाटलं, मी ऐकते आहे.

"पोरीला मात्र धाड," तो म्हणाला. "म्या येतो न्यायला. तिची आत्या, म्हंजी तुझी नणंद, लई आठवण काढती तिची. परवा म्हनत होती, दादाची पोरगी बाहेर जाऊ द्यायची नाय, माझ्या लेकालाच करून घेते."

पोरगी चटईवर बसून गणितं सोडवत होती. मी फोन कट केला, नंबर ब्लॉक केला आणि तिला म्हणाले, दाराची कडी लाव.