मशीनचे दाते

कारखान्यात तिला सगळ्या जणी सरळबाई म्हणायच्या. जन्मभर तिने शर्टांच्या बाजू शिवल्या, पण शिवण कधी सूतभरही सरकली नाही. त्यामुळे तिचं नाक जरा वरच असायचं.

आणि आता घरी बसल्यावर गोधडीवर एक साधं पान उमटेना. सुईखालचे जे दाते कापड पुढे ओढतात, ते सुनेने खाली बसवून दिले होते. आता कापड हातानेच फिरवायचं आणि शिवणीने नक्षी काढायची. सरळबाईचं पान मात्र चिरडलेल्या झुरळासारखं दिसत होतं. एक टाका बोटभर, तर पुढचा मुंगीएवढा. वळणावर हात थबकायचा, पाय पायडल दाबतच राहायचा, आणि न्हाणीच्या जाळीत केस अडकावेत तसा दोऱ्याचा गुंता खाली साचायचा. तो उसवताना तिला शिसारी आली.

"दळभद्री मशीन," ती म्हणाली. मग दोराही दळभद्री ठरला, सुईही. वाकड्या अंगणाची म्हण सुनेच्या ओठांवर आली होती, ती तिने गिळली.

"आई, दाते वर करून देऊ का?" तिने हळूच विचारलं. "मग कापड आपोआप सरळ जाईल."

सरळबाई हातातल्या गुंत्याकडे बघत राहिली. मग तिने तो केराच्या टोपलीत भिरकावला.

"नको. जन्मभर कापड त्यांनीच ओढलं, आणि नाक वर करून फिरले मी."