कच्ची कोर

सोबत्यांनो, वाशीमच्या दुकानात माह्यासंगं जे शिलाई शिकले त्या सगळ्यायसाठी हे लिहून राह्यलो. वाचा अन् पुढच्या गावाले पाठवा.

आज सकाळी आपले उस्ताद गेले. मले रडू आलं नाई. अजूनही आलं नाई.

त्यायचे भाऊ दुकानात आले, म्हनले, "कफनाचं कापड काढून दे." लढाईपायी बाजारात कापड भेटत नाई, पन कपाटात पांढरा तागा उरला होता. तो मीच फाडला, त्यायनं शिकवलं तसा, सरळ.

तुमाले ठाऊकच हाय, मी केनवडात लोकाच्या वावरात सालदार होतो. सोळाव्या वर्षी उस्तादायनं मले जवळ बसवलं अन् सहा महिने नुसती कापडाची कोर दुमडून तुरपाई करून घेतली. "कच्ची कोर माह्या दुकानाच्या बाहेर जानार नाई," म्हनत. आता केनवडात गेलो का लोक मले मास्तर म्हनतात. ज्याच्या वावरात राबलो, तो मालक माप द्याले माह्यासमोर हात पसरून उभा राह्यते.

आज कापड फाडलं अन् हातानं आपोआप कोर दुमडली. सुईत दोरा ओवला. चार टाके झाले तवा भावानं मनगट धरलं.

"राहू दे, बेटा. कफनाले शिलाई नसते."

मी टाके उसवले. कापड तसंच, कच्च्या कोरीचं, दुकानातून बाहेर गेलं.

सुई अजून माह्या कॉलरले टोचलेली हाय.

तुमच्यापैकी कोनाले त्यायनं हेबी शिकवलं असन तर कळवा, अशा दिवशी हात कुठं ठेवाचे असतेत?