अंतरपाट आणि गाडीचा मुहूर्त

सर्व आरंभांचा अधिपती असलेल्या श्रीगजाननास प्रथम वंदन करतो. शुभकार्यापूर्वी देश आणि काळ यांचा उच्चार करावा, अशी आपली रीत आहे. तिला अनुसरून सांगतो की, यमुनेच्या पूर्व तीरावर, नोएडा नामक नगरीत, केवळ क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या एका सेक्टरात, अकराव्या मजल्यावर बसून मी हे लिहीत आहे. निमित्त असे की, मी लावलेल्या एका विवाहास परवा वर्ष पूर्ण झाले आणि त्या दांपत्याने पेढे पाठवले. पेढे उत्तम होते. त्या विवाहाच्या दिवशी माझ्या हातून घडलेली चूक मात्र मी अजून कोठे लिहून ठेवलेली नाही. ती आज लिहितो.

मी आयुष्यभर दिल्लीच्या एका शाळेत संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर ओळखीच्या मराठी कुटुंबांतली मंगलकार्ये करतो. मुहूर्त काढणे आणि काढलेला मुहूर्त पाळणे, या दोहोंत माझी कधी चूक झाली नव्हती, असे त्या दिवसापर्यंत मी म्हणू शकत होतो.

वधूची आई आमच्याच सेक्टरात राहते. तिचे यजमान काही वर्षांपूर्वी निवर्तले. विवाहाच्या आदल्या दिवशी ती एक जुने उपरणे घेऊन आमच्याकडे आली. उपरण्याचा काठ विटला होता आणि एका कोपऱ्यास हळदीचा डाग होता.

“गुरुजी, आमच्या लग्नात हे यांच्या खांद्यावर होतं,” ती म्हणाली. “उद्या अंतरपाट म्हणून हेच धरा. कन्यादानाला ते नाहीत. निदान त्यांचं उपरणं तरी मुलीसमोर असू दे.”

मी ते देवापुढे ठेवले, गंध लावले, आणि सायंकाळी पूजासाहित्याच्या पिशवीत घालून पिशवी सूनबाईंच्या हाती दिली. सूनबाईंनी ती खाली नेऊन गाडीच्या डिकीत ठेवली.

आता गाडीविषयी सांगणे प्राप्त आहे. ती विजेवर चालते. तिला लोखंडी किल्ली नाही. फोन हीच किल्ली. दारांच्या मुठी अंगात मिटलेल्या असतात आणि गाडीने ओळख पटवली म्हणजे बाहेर येतात. माझा मुलगा नोकरीनिमित्त बहुधा बंगळुरात असतो, म्हणून गाडीचा कारभार सूनबाईंकडे आहे. त्या दिल्लीतच वाढल्या आणि सॉफ्टवेअरच्या कंपनीत काम करतात. मी रोज सकाळी मंदिरात जातो, तेव्हा गाडी आधी थंड करून ठेवता यावी एवढ्यासाठी त्यांनी माझ्याही फोनवर गाडीचा अधिकार दिला होता. त्या अधिकाराचा मी तोवर गैरवापर केला नव्हता.

त्याच सायंकाळी माझ्या फोनवर एक सूचना दिसली. गाडीचे अपडेट आले होते आणि ते दुसऱ्या दिवशी, रविवारी, सायंकाळी पाच वाजता बसवले जाणार होते.

“ही वेळ कोणी ठरवली?” मी सूनबाईंना विचारले.

“मीच, बाबा. लग्नाहून आल्यावर. तेव्हा गाडी कुणाला नको असेल.”

“काय असते त्यात?”

सूनबाईंचा स्वभाव समजावून सांगण्याचा आहे. त्या म्हणाल्या, “गाडीत एक सिम कार्ड असतं, फोनसारखं. कंपनी नवीन सॉफ्टवेअर पाठवते, ते हवेतून तुकड्या-तुकड्यांनी येतं. रस्त्यावर चालता चालता सगळं उतरून घेतलेलं असतं. पण उतरलं म्हणून लगेच बसत नाही. आधी गाडी बघते, कंपनीची सही बरोबर आहे का. मग हिशेब जुळतो का, एक अक्षर तरी इकडचं तिकडे झालंय का. नाही जुळलं, तर फेकून देते आणि परत मागवते.”

हे ऐकून मला संतोष झाला. लहानपणी आमचे गुरुजी वेदाची संहिता म्हणून झाल्यावर तीच पदे सुटी करून म्हणवून घेत, मग दोन-दोन पदे जोडून, मग उलटसुलट क्रमाने. एक स्वर ढळला तर पुन्हा पहिल्यापासून. शब्द दुरून येणार असेल तर तो अनेक वाटांनी तपासावा लागतो, हे गाडी करणाऱ्यांनाही ठाऊक आहे, असे मी सूनबाईंना सांगितले.

“बिल्कुल,” त्या म्हणाल्या आणि पोळ्या करायला गेल्या.

मी पंचांग पाहिले. रविवारी सायंकाळी पाच वाजता राहुकाळ होता. ज्या गाडीतून माझी माणसे जातात, तिला नवे ज्ञान राहुकाळात द्यावे, हे मला रुचेना. सकाळी साडेनऊला उत्तम शुभ वेळ लागत होती. विवाहस्थळी निघण्यासाठी मीच तीच वेळ सर्वांना सांगून ठेवली होती. मी फोनवर पाच खोडून साडेनऊ केले. फोनने खाली बारीक अक्षरांत काही विचारले. मी संमती दिली. दोन मंगलकार्ये एका मुहूर्तावर सुरू केल्यास एकमेकांना बाधत नाहीत, हा माझा जन्मभराचा अनुभव होता. सामुदायिक मुंजीत मी एका वेळी अकरा बटूंना मंत्र दिलेला आहे.

सकाळी नऊ वाजून चौतीस मिनिटांनी आम्ही दोघे खाली आलो. सूनबाई नऊवारीत होत्या. गाडीच्या मुठी बाहेर आल्या नाहीत. आतल्या पडद्यावर एक पांढरी रेघ होती आणि तिचा थोडासा भाग निळा झाला होता.

सूनबाईंनी फोन पाहिला, मग माझ्याकडे पाहिले.

“बाबा, तुम्ही टाइम बदललात?”

“पाच वाजता राहुकाळ होता.”

“आणि साडेनऊला?”

“उत्तम वेळ आहे.”

“ते दिसतंय,” त्या म्हणाल्या. “गाडीपण खूश आहे. तासभर तरी उठणार नाही.”

“मध्येच थांबवता येत नाही का?”

“ब्रेकच्या कॉम्प्युटरला अर्धं वाक्य शिकवून सोडायचं का, बाबा? एका गाडीत असे कितीतरी छोटे कॉम्प्युटर असतात. ब्रेकचा, बॅटरीचा, काचांचा, दारांचा. एकेकाला शिकवत जातं. तोवर दार नाही, डिकी नाही, काही नाही.”

“डिकीत उपरणे आहे.”

“कुठलं? अच्छा, तो पडदा?”

“पडदा नव्हे. अंतरपाट.”

“तोच. चलो, आधी कॅब बोलावते.”

मुहूर्त अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटांचा होता. कार्यालय म्हणजे कस्तुरबा गांधी मार्गावरील एका अतिथिगृहाचे सभागृह. मुहूर्तापूर्वीचे विधी धरता मला सव्वाअकरापर्यंत तरी तेथे पोहोचणे भाग होते. कॅब आली. रेघ निम्मी झाली नव्हती. मी गाडीच्या काचेतून डिकीच्या दिशेने पाहत उभा राहिलो. तेथून काही दिसत नाही.

“अंकल जी, चलना है कि गाडी के दर्शन करने हैं?” कॅबवाल्याने विचारले.

मी वधूच्या आईला फोन लावला आणि झाले ते क्रमाने सांगितले.

“म्हणजे गुरुजी, गाडीलाही मुहूर्त तुम्हीच दिलात?”

“दिला.”

“आणि तिने तो साधला.”

“साधला.”

तिच्या मागे सनईची ध्वनिफीत लागली होती, ती ऐकू येत होती. मग ती म्हणाली, “तुम्ही या. उपरणं मागून येऊ दे. पण ते माझ्या मुलीसमोर धरल्याशिवाय अंतरपाट दूर करायचा नाही.”

“ताई, मुहूर्त टळेल.”

“टळू दे. आमच्या लग्नात वऱ्हाड रेल्वेच्या फाटकापाशी अडकलं होतं. यांनी तेव्हाही मुहूर्त चुकवलाच होता. संसार चांगला झाला आमचा.”

सूनबाई गाडीपाशी थांबल्या आणि मी कॅबमध्ये बसलो. यमुनेचा पूल ओलांडेपर्यंत मी एकच गोष्ट मनात घोळवत होतो. मुहूर्त चुकवून लावलेले लग्न माझ्या नावावर नव्हते. आणि त्या बाईने माझ्याकडे मुहूर्त नव्हे, उपरणे सोपवले होते. दोहोंपैकी एक मला मोडावे लागणार होते आणि दोन्ही मोडण्याची सोय मी स्वतःच करून ठेवली होती.

पुलानंतर मी सूनबाईंना फोन केला. “किती झाले?”

“साठ टक्के.”

“एक विचारायचे होते. शिकवताना मध्येच वीज गेली, तर गाडी ब्रेक विसरते का?”

“नाही हो. आत दोन कप्पे असतात. जुनं एका कप्प्यात तसंच राहतं, नवीन दुसऱ्यात लिहितात. पूर्ण लिहून झालं, तपासून झालं, की मग गाडी एका क्षणात जुन्यावरून नव्यावर जाते. काही बिघडलंच, तर जुन्यावर परत. मधे एकही क्षण गाडीला काहीच येत नाही, असं होत नाही.”

“जुने काढल्यावर नवे आणत नाहीत?”

“नवं उभं राहिल्यावरच जुनं सोडतात.”

मी त्यांना आशीर्वाद दिला. त्या म्हणाल्या, “बाबा, आत्ता नको, नेटवर्क जातंय.”

सभागृहात पोहोचताच मी व्यवस्थापकांकडे एक स्वच्छ पांढरे वस्त्र मागितले. त्यांनी जेवणाच्या टेबलावर घालायचे वस्त्र दिले. धुतलेले होते, इस्त्रीची घडी ठळक होती. मी त्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले. विधी आटोपले. अकरा अडतीसला वर पाटावर उभा राहिला, वधूला मामांनी आणले आणि दोघांमध्ये ते वस्त्र धरण्यात आले. वधूच्या आईने वस्त्राकडे पाहिले, नंतर माझ्याकडे. मी हाताने थांबण्याची खूण केली आणि मंगलाष्टके सुरू केली.

अकरा त्रेचाळीस वाजले, तेव्हा गाडी उघडल्यावर उपरणे घेऊन निघालेल्या सूनबाई सभागृहाजवळच्या मंडी हाउसच्या चौकात होत्या.

मुहूर्त आला की मी स्वर उंच करतो आणि ‘सावधान’ म्हणतो. त्या दिवशी मी स्वर उंच केला नाही. पुढचा श्लोक घेतला. मंगलाष्टके म्हणण्याची हौस असणाऱ्या आत्या आणि मावश्या यांना आवरणे, हे एरवी माझ्या कामाचा मोठा भाग असते. त्या दिवशी मी स्वतः वराच्या मावशीला पुढे बोलावले. तिने स्वतः रचलेली चार कडवी आणली होती, त्यांत कुटुंबातील सर्वांचे उल्लेख होते, कुत्र्याचाही. मी तिला सावकाश म्हणण्याची विनंती केली. अशी विनंती तिला कोणी पूर्वी केली नसावी. अक्षता सर्वांच्या मुठीत घामेजल्या. वराच्या काकांनी मनगट वर करून मला घड्याळ दाखवले. मी मान डोलावली.

तिसऱ्या कडव्याला सूनबाई दारातून आल्या. पदर खोचलेला, हातात उपरणे. मी पहिले वस्त्र हलवू दिले नाही. त्याच्या पुढे उपरणे धरायला लावले. काठ वर आहे, कोपऱ्यावरचा डाग वधूच्या बाजूस आहे, हे पाहिले. दोन्ही टोकांना हात घट्ट आहेत, हे पाहिले. मग टेबलाचे वस्त्र खालून ओढून घेतले. वधूवरांना एकमेकांचे मुख एक क्षणही दिसले नाही. पाटावर उभ्या मुलीने मान खाली घातली आणि तो डाग पाहिला. तिने बोट लावले नाही, फक्त पाहिला.

मी चौथे कडवे होऊ दिले. मग स्वर उंच केला. उपरणे उत्तरेस ओढले गेले आणि अक्षता पडल्या.

मुहूर्तास सात मिनिटे उलटून गेली होती. मी घड्याळाकडे पाहत असल्याचे वधूच्या आईने पाहिले.

“गुरुजी, खंत करू नका,” ती डोळे पुसत म्हणाली. “ते वेळेवर आले असते, तर मला संशय आला असता, हे दुसऱ्याच कुणाचं उपरणं आहे.”

परतीच्या वाटेवर गाडी शांतपणे चालली. ब्रेक उत्तम लागत होते. पडद्यावर नव्या सुधारणांची यादी होती, ती मी सूनबाईंना वाचून दाखवली. बॅटरीचा अंदाज अधिक अचूक झाला होता. डिकी उघडल्याचा आवाज सौम्य केला होता. शेवटी असे होते की, यापुढे कुटुंबातील कोणीही अपडेटची वेळ बदलल्यास इतर सर्वांच्या फोनवर तशी सूचना जाईल.

“बाबा, ही खास तुमच्यासाठी केलीय,” सूनबाई म्हणाल्या.

मी ते मान्य केले नाही. मी वेळ बदलण्यापूर्वीच ती सुधारणा गाडीत येऊन, तपासली जाऊन, वाट पाहत बसली होती. तरीही तेव्हापासून मी गाडीच्या वेळेला हात लावत नाही. आज सकाळी पुन्हा एक अपडेट आले आहे. सूनबाईंनी मंगळवारची दुपार ठरवली आहे. त्या वेळी राहुकाळ आहे. मी पंचांग मिटून ठेवले आणि तेवढ्यापुरते एक स्तोत्र अधिक म्हटले.

वाचकहो, जुने हातातून सुटण्यापूर्वी नवे आपल्या घरात दृढ उभे राहो. उशिरा येणाऱ्यांसाठी आपल्या दारी कोणी तरी एक कडवे अधिक म्हणत राहो. आपणांस, आपल्या मुलांस, सुनांस आणि आपल्या दारातील वाहनास तो गजानन निर्विघ्न ठेवो.