सुनेसाठी राखलेलं सीताफळ

आमच्या बुलढाण्याच्या दोन खोल्यांत दोन कैदी होते, माझे सासरे आणि माझी सात वर्षांची लेक. टीव्हीच्या रिमोटवरून दोघांची रोज जुंपायची आणि निवाडा करायला मी. धाड गावाजवळचं शेत सोडून आपण मुलाकडे राहायला आलोय, हे सासऱ्यांना आता आठवत नसे. हळूहळू ते माणसंही विसरायला लागले होते. दाराची कडी वाजवत ते मला विचारायचे, "ओ बाई, घरी कवा जाचं?" कधी मी त्यांना नर्स वाटायची, कधी घरमालकीण. लग्न होऊन आले तेव्हापासून ज्याने मला 'पोरी'च म्हटलं, तो हा माणूस. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? आज तरी ओळखतील म्हणून मी रोज त्यांच्या तोंडाकडे बघायची.

दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी मिळून माझं पार डोकं उठवलं. शेवटी मी दोघांनाही भाड्याच्या जीपमध्ये बसवलं आणि धाडकडच्या डोंगरात नेलं. नवरा म्हणाला, "पडतील ते." म्हटलं, घरात बसून तरी कुठे उभे राहिलेत?

लेकीने आधी मोज्यांना चिकटलेल्या कुसळांवरून रडून घेतलं. मग बूटमोजे माझ्या हातात देऊन ती सीताफळाच्या झाडांत घुसली आणि एक टणक फळ ओरबाडून आली.

"काऊन तोडलं व?" सासरे म्हणाले. "डोये उघडेल नाही त्याचे अजून."

त्यांनी तिचं बोट धरून दुसऱ्या एका फळावरून फिरवलं. खवल्यांच्या मधल्या फटी, म्हणजे त्याचे डोळे, तिथे रुंद, पिवळसर झाल्या होत्या. "हे पाह्य. असे डोये उघडले का तोडाचं. नाहीतर काळं पडते, पिकत नाही."

मग दोघं या झाडावरून त्या झाडाकडे. घरी कवा जाचं, हे कुणी विचारलंच नाही. मी एका दगडावर बसून राहिले. मला कुणी हाक मारत नव्हतं. डॉक्टरांच्या गोळ्यांना माझी ना नाही, पण उघड्यावर माणूस निवतो, लेकरूही आणि म्हातारंही. मीसुद्धा निवले.

सासऱ्यांचा चेहरा इतका मोकळा दिसत होता की मला राहवलं नाही. जवळ जाऊन विचारलं, "मामाजी, ओळखलं का मला?"

त्यांनी नीट निरखलं. "पाह्यल्यासारखी वाटते तू, बाई."

झालं! मी हसले. त्यांनी पाखरांनी टोचलेलं एक पिकलं सीताफळ फोडलं, अर्धं नातीला दिलं, अर्धं मला. एक मोठं मात्र सदऱ्याच्या खिशात जपून घातलं.

"तेपण द्या ना आबाजी," लेक म्हणाली.

"नाही. हे माह्या सुनेले. दिवसभर मरमर करते ते माह्यासाठी. मी खेकसतो तिच्यावर, तरी जवळ बसून जेवू घालते. तिले कधी काही आनलंच नाही मी."

लेक माझ्याकडे बोट करून काही बोलणार, तोच मी तिचा हात दाबला.

"द्या हं तिला आठवणीने," मी म्हटलं. "लई खूश होईल ती."